बारा घरं, एक पावती

लवू धुरीला कोणी नुसतं "लवू" म्हटलं की त्याला ऐकू यायचं बंद व्हायचं. "लवूतात्या" म्हटलं की एका कानाने ऐकू यायचं. "जॉबरतात्या" म्हटलं की माणूस पूर्ण वळायचा, काळी टोपी सरळ करायचा आणि विचारायचा, "बोल, काय काम काढलंस?"

परळच्या भोकरीच्या वाडीत बारा घरं. सगळी बैठी, सगळी मालवणाकडच्या एकाच गावातली, सगळी गिरणीवाली. खालची जमीन भाडेपट्ट्याची, पण वरचं घर ज्याचं त्याचं. चाळीत दहा बाय दहाची खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्यांकडे ही वाडी जरा वरूनच बघायची. "आमचा सोताचा घर आसा" हे वाक्य बोलताना वाडीतल्या पोरांची पण छाती फुगायची, मग घरात चड्डी एकच असली तरी.

गावातून मुंबईला येताना लोकांनी भांडी आणली, गोधड्या आणल्या आणि मानपान पण आणला. गावच्या देवळात पहिला नारळ धुरींचा, म्हणून वाडीत पण पहिला नारळ धुरींचा. लग्नपत्रिकेत पहिलं नाव लवूचं. भजनात पहिला टाळ लवूचा. त्याला ताल कळत नव्हता, पण ते सांगणार कोण? आणि नुसता मानकरी नाही, वर वरळीच्या गिरणीत जॉबर. हाताखाली चाळीस माणसं, अंगावर कोट, खिशाला घड्याळ. वाडीत असा दुसरा माणूस नव्हता.

पंचावन्नच्या जानेवारीत वाडीला आग लागली. कोणाच्या तरी स्टोव्हचा भडका उडाला आणि तासाभरात एकाही घरावर छप्पर राहिलं नाही. माणसं सगळी वाचली. एक बोकड मेला, पण तो त्याच दिवशी कापायचा होता, त्यामुळे त्याचं दुःख फार कोणी केलं नाही.

मग आला श्यामकांत. गिरगावातल्या धनवर्धक पेढीचा कारभारी. स्वच्छ धोतर, बंद गळ्याचा कोट आणि तोंडात अशी भाषा की ऐकणाऱ्याला आपण शाळेत बसलोय असं वाटावं. "आपण घाबरू नका. घरटी चारशे रुपये देतो. महिना वीस फेडा. घर नुसतं गहाण, बाकी आपलंच." लोकांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. कागद मात्र गहाणाचा नव्हताच. तो होता मुदतीच्या खरेदीचा. अडीच वर्षांत पैसे फिटले नाहीत तर घर पेढीला विकलं असं धरायचं. आणि फिटले की नाही ते कोण ठरवणार? पेढीच.

कौलं आली, विटा आल्या, घरं उभी राहिली. मार्चमध्ये पहिला हप्ता भरायला अख्खी वाडी ट्राममध्ये बसून गिरगावात गेली, लग्नाला जावं तशी. पेढीच्या कारकुनाने दौत पुढे ओढली आणि विचारलं, "पावती बारा जणांच्या बारा लिहू, की एकच?"

अंबिका पुढे सरसावली. ही वाडीतली विधवा बाई, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला. आवाज असा की मशीन चालू असताना पण तिला मोठ्याने बोलावं लागत नसे. ती बोलली, "एकच लिवा. आमच्यात पयला नाव तात्यांचा. तात्यांचा इला म्हणजे सगळ्यांचा इला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कारकुनाने लिहिलं, लवू भिवा धुरी, रुपये दोनशे चाळीस. "आणि मंडळी" असे दोन शब्द पुढे जोडावेत हे बारा घरांतल्या एकाही डोक्यात आलं नाही. लवूने पावतीची घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात अशी ठेवली की बघणाऱ्याला वाटावं, सरकारने सनद दिलीय.

पुढे दर महिन्याला वाडी पैसे गोळा करायची आणि लवू ते नेऊन भरायचा. तीस महिने, तीस पावत्या. सगळ्या त्याच्या नावावर.

सत्तावन्न साली भानगड बाहेर पडली. वरळी आणि माझगावातल्या लोकांची घरं पेढीने ताब्यात घ्यायला सुरुवात केली. ती माणसं कोर्टात गेली, त्यांच्यामागून परळवाले पण गेले. ऐंशीच्या वर घरं होती. दोन-चार तारखा झाल्या, दोन्हीकडचे वकील एका खोलीत बसले आणि तडजोड झाली. ज्याच्या पावत्या पाचशेच्या वर, त्याचं घर मोकळं. ज्याच्या नाहीत, त्याचं घर पेढीचं. कोण कशात बसतो ते बघायला एक रिटायर जज्ज लवाद म्हणून नेमले.

वाडीत पेढे वाटले. सहाशे तर प्रत्येकाने भरलेच होते. पहिला पेढा कोणाला दिला ते सांगायला नको.

पंधरा दिवसांनी यादी आली. ती वाचली रघूने. रघू शेजारचा पोरगा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा आणि साचा बंद झाला की संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात असायचा. सत्याग्रहात पंधरा दिवस जेल बघून आला होता, तेव्हापासून किराणा मालाची यादी पण घोषणा दिल्यासारखी वाचायचा.

"लवू भिवा धुरी! मान्य!" रघू ओरडला. टाळ्या पडल्या. "अंबिका सखाराम! पावती नाही, अमान्य! बाबी विठू! पावती नाही..." मग त्याचा आवाज उतरत गेला. अकरा नावं, अकरा वेळा अमान्य.



"म्हंजे कसा?" अंबिका बोलली. "आमी भरलेलो पैसो गेलो खय?"

"तात्यांच्या नावावर," रघू बोलला. "कागदावर तात्यांनी सात हजार दोनशे भरलेत. तुम्ही दमडी पण नाय."

सगळ्यांनी लवूकडे बघितलं. लवूला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपल्याकडे कोणी बघू नये.

हरकत घ्यायला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी पाच-सहा जण दादरला वकिलाकडे गेले. वकील रमाकांत फुकट काम करायचा. सर्दी त्याला बारमाही, त्यामुळे त्याचा प्रत्येक मुद्दा शिंकेने तुटायचा. त्याने तडजोडीचा कागद डोळ्याजवळ धरून वाचला.

"एक कलम आहे. पावती दुसऱ्याच्या नावावर असेल, तर तो दुसरा माणूस स्वतःचे पैसे भरणारा नव्हता, नुसता पोचवणारा होता, हे दाखवायचं. बस." शिंक. "तात्या, तुमचा पगार किती?"

"जॉबर आसत ते!" अंबिकाने लवूच्या आधी सांगून टाकलं, तेही अभिमानाने. "चाळीस माणसां हाताखाली. दोनशेच्या वर पगार, शिवाय वरचा."

रमाकांतने नाक पुसलं आणि मान हलवली. "मग कठीण आहे. पेढी म्हणेल, जॉबर माणूस, बदलीवाल्यांकडून कामावर लावायची दस्तुरी खातो, याला महिना दोनशे चाळीस जड नाहीत. भरले यानेच. आता शेजाऱ्यांवर उपकार करायला खोटं बोलतोय. पगार कमी असता तर गोष्ट सोपी होती."

लवूने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

लवू आता जॉबर नव्हता. पंचावन्नच्या ऑक्टोबरमध्येच गिरणीत नवीन मशीन आली आणि आठ जॉबरना हातात सातशे-सातशे रुपये ठेवून घरी पाठवलं. दिवाळी तोंडावर. लवूने घरी सांगितलं नाही, आणि त्या गिरणीत वाडीतलं दुसरं कोणी नव्हतं. उद्या सांगू, परवा सांगू असं करत तो रोज कोट घालून, टोपी सरळ करून निघायचा. वरळीच्या दिशेने दोन गल्ल्या जायचा, मग वळसा मारून थेट कॉटन ग्रीनला. तिथे कापसाच्या गोदामात तो झाडू मारायचा. गाठी फुटायच्या, कापूस सांडायचा, तो गोळा करून पोत्यात भरायचा. कोट खिळ्याला. पगार बासष्ट रुपये. संध्याकाळी कोट झटकायचा, भुवईत अडकलेला कापूस काढायचा आणि जॉबर होऊन घरी यायचा. बायको मीराबाईला सांगायचा, "महागाई भत्तो कापलो ह्या महिन्यात." सातशे रुपयांतून थोडे-थोडे काढून घर ओढत होता. ते पण आता संपत आले होते.

दोन वर्षं. आता तेच सांगितलं असतं तर अकरा घरं वाचत होती. पण सांगायचं कसं? ज्याच्या तोंडाकडे बघून वाडी उठते-बसते, त्याने उभं राहून बोलायचं की मी झाडूवाला?

चौथ्या दिवशी श्यामकांतचा निरोप आला. गिरगावात घरी चहाला या. लवू गेला. श्यामकांतने त्याला खुर्ची दिली, आणि कप दिला तो बशीसकट.

"बसा, लवूराव." लवूराव! आजपर्यंत कोणी राव लावला नव्हता. "आपलं घर मोकळं झालं, अभिनंदन. आता उरलेल्या घरांचं बघा. ती आमच्याकडे येणार. लोकांना आम्ही बाहेर थोडेच काढणार? भाड्याने राहतील. पण भाडं गोळा करायला एक वजनदार माणूस हवा. सगळे ज्याचं ऐकतात असा."

लवूने चहाचा घोट घेतला. गोड होता.

"महिना दीडशे रुपये देऊ. दारावर आपल्या नावाची पाटी. करायचं काहीच नाही. हरकतीच्या दिवशी आपण फक्त गप्प बसायचं. खोटं बोला असं मी सांगतच नाही."

खोटं तर बोलायचं नाही, असं म्हणत लवूचं मन डळमळलं. दीडशे रुपये. झाडू सुटला. कोट खरा झाला. आणि कोणाला कधी कळणार पण नाही. तो उठला, हात जोडले, "विचार करतंय" एवढंच बोलला आणि ट्रामला पैसे असून चालत निघाला. लालबागपर्यंत त्याच्या डोक्यात पाटी रंगवून पण झाली होती. पिवळ्यावर काळी अक्षरं.

वाडीत शिरतो तर अंबिका छपरावर. कासोटा घट्ट मारलेला, हातात चुन्याचा डबा, आणि कौलांवर एकेक आकडा काढतेय.

"अंबिके, ह्या काय चल्लाहा?"

"कौलां मोजतंय. घर गेला तर जाऊ दे मेल्यांच्या घशात. कौलां माझी आसत. आठशे बारा. एकूण एक उतरवून नेतलंय. पावसात भिजत बसूं दे तुमच्या त्या श्यामकांताक." मग खाली बघून बोलली, "बघतास काय नुसते? शिडी धरा. हालता ती."

लवूने शिडी धरली. कोट घालूनच. वरून चुना टोपीवर पडत होता.

"तात्यानु," वरून आवाज आला, जरा हळू. "तुमचा घर रवला ता बरा झाला हां. वाडीत एक तरी घर आपला रवाक व्हया. गणपती तुमच्याकडेच बसवू सगळ्यांचे. आमी येव खयसून तरी."

लवूने शिडी घट्ट धरली. या बाईचं घर जातंय आणि ती आपल्या घरी गणपती बसवायचं ठरवतेय. डोक्यातल्या त्या पिवळ्या पाटीवर त्याने मनातल्या मनात चुना फासला.



"तू उतर आधी," लवू बोलला. "आणि ते आकडे पूस. घाण दिसतत."

सुनावणी गिरगावातल्या एका हॉलमध्ये होती, वरच्या मजल्यावर. वाडीतली माणसं रजा टाकून आली होती. मीराबाई पण आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. नवऱ्याचं काम आहे म्हटल्यावर तिने डब्यात घावणे पण बांधून आणले होते. लवादसाहेब म्हातारे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर कागदांचा ढीग आणि मागे पंखा, जो फिरण्यापेक्षा कुरकुरायचाच जास्त.

श्यामकांत उभा राहिला. "साहेब, हे लवूराव प्रतिष्ठित गृहस्थ आहेत. गिरणीत जॉबर. कर्जाच्या कागदावर त्यांनी स्वतः तसं लिहून दिलं आहे. एवढी रक्कम भरण्याची ऐपत त्यांचीच. बाकीचे लोक आता त्यांच्या आडून फुकट घरं मागत आहेत."

लवादांनी चष्म्यावरून बघितलं. "लवू धुरी कोण?"

लवू उठला. टोपी काढायला हात गेला, पण काढली नाही. मागे वाडी, बाजूला बायको, समोर श्यामकांत. श्यामकांत त्याच्याकडे बघून हसला, ओळखीचं हसू.

"साहेब, मी जॉबर नाय."

मागून कोणीतरी बोललं, "आँ?"

"होतंय. पंचावन्नच्या ऑक्टोबरपर्यंत होतंय. मग नवीन मशीन इली आणि आठ जॉबरांक काढल्यानी. त्यात माका पण." त्याने कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढले. गिरणीचा सुटल्याचा दाखला. मग गोदामाच्या पगाराच्या चिठ्ठ्या, दोऱ्याने बांधलेल्या, बावीस.

लवादांनी दोरा सोडला. "बासष्ट रुपये. काम काय करता?"

"कापूस गोळा करतंय. गोदामात."

"गोळा म्हणजे?"

"झाडूने, साहेब." आणि मग, कदाचित आवाज नीट गेला नाही असं वाटून, परत एकदा मोठ्याने, "झाडू मारतंय मी."

पंखा कुरकुरला. 

श्यामकांतचं हसू गेलं, पण तोंड चालूच. "साहेब, शिल्लक असेल. जॉबर होते, साठवलेलं असेल."

"साठवलेला होता," लवू बोलला. "सुटताना गिरणीने सातशे दिल्यानी. त्यातून माझो हप्तो गेलो, माझा घर चालला. आता पेटीत एकेचाळीस रुपये आसत, येवन बघा. ते सातशे काय रबराचे होते, ताणून अकरा घरांक पुरवूक?"

मागे एकजण फिस्सकन हसला आणि मग हॉल हसला. लवाद पण ओठ दाबून खाली बघायला लागले.

"मग हे पैसे कोणाचे?"

"बारा घरांचे. घरटी वीस." लवूने मागे बसलेल्या वाडीकडे हात केला. "मी नुसतो पोचवणारो."

रमाकांत शिंकला. आनंदाने की सर्दीने, ते कळलं नाही. लवादांनी एकेकाला पुढे बोलावून विचारलं, दर महिना किती द्यायचात? वीस. तुम्ही? वीस. अंबिकाने "वीस" असं सांगितलं की खालच्या रस्त्यावरून कोणीतरी वर बघितलं.

श्यामकांतने शेवटचा डाव टाकला. "साहेब, चिठ्ठ्या बावीस महिन्यांच्या आहेत. त्याआधी आठ महिने हे जॉबरच होते. बावीसचे धरले तर घरटी चारशे चाळीसच होतात. पाचशे नाहीत."

ही गोष्ट वाडीत कोणाच्या डोक्यात आली नव्हती. रमाकांतच्या पण नाही. 

लवादांनी तीसच्या तीस पावत्या पत्त्यांसारख्या टेबलावर पसरल्या. हळूहळू, एकेक. "पहिली दोनशे चाळीस. शेवटची दोनशे चाळीस. मधली एकही आण्याने कमी-जास्त नाही. म्हणजे आठ महिने हा एकटा दोनशे चाळीस भरत होता, आणि याची नोकरी गेली त्याच महिन्यात अकरा घरांना नेमके तेवढेच पैसे भरायची बुद्धी झाली, असं म्हणणं आहे का तुमचं?" त्यांनी चष्मा काढला. "खाली बसा."

मग लिहायला लागले. पावत्यांचे बारा भाग. घरटी सहाशे. बारा घरं मोकळी. वरच्या शंभराचं काय, असं रघूने मागून विचारलं. ते परत मिळायचं तडजोडीत नाही असं उत्तर आलं. "ही कसली तडजोड!" असं तो सुरू करणार होता, इतक्यात अंबिकाने त्याच्या पायावर पाय दिला.

"धुरी," लवादांनी जाता जाता विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत? आठ दिवस होते."

"लाज वाटली, साहेब."

खाली रस्त्यावर आल्यावर सगळ्यांनी लवूला घेरलं.  पाया पडावं की शिव्या द्याव्या? शेवटी रघूच पुढे झाला. त्याचे डोळे चमकत होते.

"तात्या, आयडिया! तुम्हाला काढलं कधी, पंचावन्नच्या शेवटाला ना? संप पण तेव्हाचाच. आपण सांगायचं, संयुक्त महाराष्ट्राच्या संपात गेला म्हणून मालकाने काढला! कोण दाखला बघतोय? हार घालतील लोक. रविवारी सभा आहे, स्टेजवर बसवतो तुम्हाला."

 स्टेज, हार, माईक. हे सगळं लवूला दिसलं, खोटं नाही.

"नाय रे, रघ्या," तो बोलला. "संप नोव्हेंबरात झालो. माका ऑक्टोबरात काढल्यानी. संपात माझ्या हाताखालचो एक पोरगो गेलो, तेची खरी गेली नोकरी. तेचो हार मी कित्याक घालू? मशीन इली, मी गेलंय. एवढाच."

"एवढाच कसा?" अंबिका मध्ये घुसली. कमरेवर हात. "माझ्या भावाक गिरणीत बदली लावतंय म्हणून दोन वर्सां दर शनवारी माझ्या कोंबडेची चार अंडी खाल्लात, ता काय? गोदामात बसून खाल्लात?"

लवू खाली बघायला लागला. "एक-दोन. बाकी घरी दिलंय."

"चारशे अंडी!" अंबिका ओरडली, आणि मग तिलाच हसू फुटलं. असं फुटलं की ती फुटपाथवर बसली. तिच्यामागून बाबी हसला, रघू हसला. ट्रामच्या स्टॉपवर उभी असलेली माणसं बघायला लागली की ही परळची पार्टी एवढी हसते कशाला.

एकटी मीराबाई हसली नाही. घावण्यांचा डबा छातीशी धरून ट्राममध्ये चढली.  लवू तिच्या बाजूला बसला होता, पण जरा कडेकडेने.

घरी आल्यावर तिने डबा उघडला, दोन घावणे त्याच्या पुढे टाकले आणि मग बोलली. "बासष्ट?"

"बासष्ट."

"आणि मी बापडी जॉबराची बायको म्हणून गेल्या चतुर्थीक अंबिकाच्या भाचयेक पोलक्याचा कापड दिलंय. तीन रुपये गेले माझे."

"चुकला माझा."

"चुकला ता चुकलाच." तिने पदर खोचला.  "आता आयका. घर आपला रवला ना? मग भिंतीकडे बघत नाय बसायचा. रघूच्या खात्यातली सहा पोरां खानावळ शोधतत. सोमवारपासून हय जेवतली. मी रांधतलंय. तुमी कामावर जायच्या आधी बाजारात जायचा."

"मी? बाजारात? पिशवी घेवन?"

"नाय, मासळी टोपीत घाला."

सोमवारी सकाळी लवू धुरी लालबागच्या मासळी बाजारात उभा होता. कोट घरी ठेवला होता. आयुष्यात त्याने भाव केला नव्हता, कारण मानकऱ्याने भाव करायचा नसतो असं त्याला लहानपणापासून सांगितलेलं. कोळणीने बांगड्याचा वाटा दाखवला, एक रुपया सांगितला. लवूने सरळ रुपया काढून दिला. कोळीण बघतच राहिली, आणि दया येऊन तिने वर एक सुकलेला बोंबील टाकला.

घरी मीराबाईने पिशवी उलटी केली, बांगड्याचे कल्ले उचलून बघितले आणि नाकाला पदर लावला.

"केवढ्याक आणलात?"

"रुपयाक."

"शिळे आसत. जावा परत. बदलून आणा."

"अगो, पण आता कसा सांगू तिका?"

"सांगा तिका, माझ्या बायकोन पाठवल्यान." मीराबाईने पिशवी त्याच्या हातात कोंबली. "आणि आठ आणे परत मागा. सहा पोरां जेवूक बसतली दुपारी, तेंका काय तुमचो मान वाढू?"

लवू परत निघाला. दारातून बाहेर पडतो तर अंबिका तोंडात राखुंडी घालून दात घासत उभी. तिने थुंकी टाकली आणि विचारलं, "काय ओ लवू, सकाळी सकाळी खय?"

नुसतं लवू.

त्याने मागे वळून बघितलं. "बाजारात," तो बोलला. "येतंस? माका भाव करूक येना नाय."

अंबिकाने चूळ भरली, पदराला तोंड पुसलं आणि चपला शोधायला आत गेली.